एका लँडिंगचे तीन केलेस!

गेल्या अंकात पहिल्या सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने केलेल्या, उड्डाणाविषयी लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, की सोलो करून उतरलेल्या मुलाच्या डोक्यावर मित्र बादलीभर पाणी ओततात आणि पुढे आठवडाभर त्याची खेचत बसतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली चार इथे घेतो. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी वीस वर्षं लष्करात होतो आणि त्यातली बहुतेक हेलिकॉप्टरवर गेली. निवृत्तीनंतर नाशिकरोडला घर केलं. आता पायलट व्हायला निघालेल्या मुलांना नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवतो.

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे आणि फ्लाइंग स्कूलमध्ये शिकतो. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याचा फोन स्पीकरवर होता. मित्र त्याला ‘ट्रॅक्टर’ म्हणत होते, कारण आमची द्राक्षबाग आहे. ‘काल एका लँडिंगचे तीन केलेस, लॉगबुकात तिन्ही लिही’ असं म्हणून सगळे हसत होते. हाही हसला, पण मध्येच दोनदा गप्प झाला. बाग गहाण ठेवून पैसे भरलेत. पोराला तिथे त्रास तर नाही ना? त्याच्या इन्स्ट्रक्टरना फोन करू का?
— एक आई, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, आधी ‘एका लँडिंगचे तीन’ म्हणजे काय ते सांगतो. विमान उतरताना शेवटच्या पंधरा-वीस फुटांत नाक हळूच वर घेऊन वेग कमी करायचा असतो. त्याला फ्लेअर म्हणतात. नवशिक्याचा हात तिथे घाई करतो नाहीतर उशीर करतो. मग चाकं टेकतात, विमान उसळतं, परत टेकतं, परत उसळतं. कमर्शियल लायसन्ससाठी आपल्याकडे किमान 200 तास उड्डाण लागतं आणि त्यातले सुरुवातीचे कितीतरी तास मुलं धावपट्टीभोवती तोच चौकोन घालत हेच घोटतात. ज्याचं विमान कधी उसळलं नाही असा पायलट मला आजवर भेटलेला नाही.

आता तुम्हाला फोनवर जे दिसलं नाही ते सांगतो. फ्लाइंग स्कूलमध्ये हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, सावलीत एक बाकडं असतं. ज्यांची पाळी यायची असते ती मुलं त्यावर बसलेली असतात. हातात चहा असतो, गप्पा चालू असतात. कुणी सोलोवर गेलेला असला आणि त्याचं विमान फायनलवर आलं, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत येऊन उतरायला लागलं, की बाकड्यावरचं बोलणं आपोआप थांबतं. कुणी कुणाला गप्प बस म्हणत नाही. सगळ्यांच्या माना एकाच वेगाने वळत जातात. एखाद्याचा पाय जमिनीवर दाबला जातो, जणू रडर, म्हणजे विमानाचं सुकाणू, त्याच्याच पायाखाली आहे. चाकं टेकली, विमान सरळ धावलं, वेग उतरला, की पहिला आवाज येतो : ‘किती मोजलेस? मी तीन मोजले!’ आणि मग हशा. तुमच्या मुलाचे तीन टप्पे ज्यांनी मोजले, ते उन्हात डोळे बारीक करून त्याच्या विमानाकडे बघत बसले होते. मला तरी ती चेष्टा काळजी उतरल्यावर सुटलेला श्वास वाटते.

मी स्वतः 2004 साली नाशिकरोडला, लष्कराच्या हवाई प्रशिक्षण शाळेत, चेतक हेलिकॉप्टर शिकलो. शाळा तेव्हा वर्षभरापूर्वीच सुरू झाली होती. हेलिकॉप्टरला एका जागी हवेत थांबवणं, म्हणजे हॉवर, यासारखं अवघड काही नाही. डाव्या हाताने जरा उचललं की नाक फिरतं, पायाने नाक सावरलं की यंत्र बाजूला सरकतं, ते आवरेपर्यंत उंची बदललेली. पहिले काही दिवस माझं हेलिकॉप्टर सगळ्या मैदानभर हिंडायचं. संध्याकाळी क्रू रूममध्ये शिरलो की कोर्समेट विचारायचे, ‘एवढं मैदान पुरत नसेल तर देवळालीची तोफखान्याची रेंज मागवू का?’ ज्याने हे सर्वांत आधी विचारलं, तोच रात्री जेवणानंतर खुर्चीवर बसून, दोन पायांत काठी धरून, मला हातांचा मेळ घालून दाखवायचा. ‘बघत बसू नकोस, लांब बघ. जवळचं गवत बघशील तर गवताबरोबर हलशील.’ चौथ्या की पाचव्या दिवशी हेलिकॉप्टर थांबलं. ते माझ्या इन्स्ट्रक्टरइतकंच त्याचं श्रेय आहे.

पण मुलगा दोनदा गप्प झाला, हे तुम्ही टिपलंत ते फार बरं केलंत. म्हणून काय तपासायचं तेही सांगतो.

त्याला एकच विचारा, ‘तू त्यांना काय म्हणतोस?’ त्याच्याकडे सांगायला भरपूर असेल, कोण धावपट्टीच ओळखू शकला नाही, कोणाला कोणतं नाव पडलंय, तर निर्धास्त राहा. चेष्टा दोन्ही बाजूंनी चालली पाहिजे. आणि ती वरच्या दिशेनेही चालली पाहिजे. आमच्या क्रू रूममध्ये चेकलिस्टमधली एखादी ओळ इन्स्ट्रक्टरकडून सुटली आणि विद्यार्थ्याने ती पकडली, तर सगळ्यांचा चहा इन्स्ट्रक्टरच्या खात्यावर, असा रिवाज होता. मेजर साहेबांना ‘सर, आज चहा तुमचा’ असं म्हणायला एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाची जीभ सैल व्हावी लागते. ती चहावर सैल झाली तरच पुढे कधी ‘सर, थांबा’ म्हणायला उघडते.

ही गोष्ट किती गंभीर आहे ते 27 मार्च 1977 ला जगाने पाहिलं. कॅनरी बेटांवर टेनेरिफला दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. जे विमान उड्डाणासाठी धावत सुटलं होतं, त्याचा कॅप्टन कंपनीचा अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलंही, की समोरचं विमान धावपट्टीवरून बाहेर गेलेलं नाही का? कॅप्टनने ठामपणे सांगितलं, गेलंय. इंजिनिअर पुढे बोलला नाही. त्या आणि तशा अपघातांनंतर कॉकपिटमधल्या कनिष्ठाने कसं बोलायचं आणि वरिष्ठाने कसं ऐकायचं, याचं जगभर रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. आज ते प्रत्येक एअरलाइनमध्ये होतं. पण त्याची बाराखडी मुलं त्या बाकड्यावरच शिकतात, असं माझं मत आहे.

दुसरं बघायचं ते असं : मुलगा चुका लपवायला लागलाय का? विमान जोरात आपटलं तर ते लगेच सांगावंच लागतं, म्हणजे इंजिनिअर चाकांचा सांगाडा तपासतो आणि मगच पुढचा विद्यार्थी त्यात बसतो. हसतील म्हणून जो मुलगा आपटलेलं विमान गुपचूप लावून देतो, तो दुसऱ्याचा जीव धोक्यात घालतो. असा वास जरी आला, तर मात्र इन्स्ट्रक्टरना फोन कराच, माझी वाट बघू नका.

आणि ‘ट्रॅक्टर’. चुकीवरून पडलेलं नाव पुसलं जातं, चूक सुधारली की नावही गोड वाटायला लागतं. गावावरून, घरावरून, रंगावरून, इंग्रजीवरून पडलेलं नाव मला आवडत नाही. माझ्या वर्गात निफाडकडचा एक मुलगा होता. रेडिओवर पहिल्यांदा बोलताना त्याने विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला ‘नमस्कार सर’ म्हटलं आणि पुढचं इंग्रजी अडखळलं. नाव पडलं ‘नमस्कार’. इथपर्यंत ठीक होतं, तोही हसायचा. मग काही जण त्याच्या उच्चारांची नक्कल करायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की तो रेडिओचं बटण दाबायलाच उशीर करतो. मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं, की ज्याला बटण दाबायची लाज वाटते तो आकाशात मुका असतो, आणि हे पाप आपलं असेल. नक्कल बंद झाली. ‘नमस्कार’ हे नाव राहिलं. आज तो एअरलाइनमध्ये आहे आणि टॉवरला अजूनही आधी नमस्कारच म्हणतो. आपल्या आकाशात कितीतरी पायलट आणि कंट्रोलर तसं म्हणतात आणि कानाला ते फार बरं वाटतं.

तुमचा मुलगा ‘ट्रॅक्टर’वर मनापासून हसतो की नुसते दात दाखवतो, हे तुमच्याइतकं कोण ओळखणार? तेवढं बघा.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची. वडील विमान कारखान्यात आहेत, त्यामुळे लहानपणापासून डोक्यावर सुखोई बघत मोठी झाले. आता ट्रेनिंगला आहे. बॅचमध्ये मी एकटीच मुलगी. मुलं एकमेकांची टर उडवतात तशी माझीही उडवतात, ते मला आवडतं, कारण नाहीतर मी बाहेरची वाटले असते. पण काही जोक लँडिंगवर नसतात, मुलगी असण्यावर असतात. हसले तर वाढतात, नाही हसले तर ‘खडूस’. काय करू?
— ओझर

उत्तर : बेटा, तू फरक अगदी नेमका ओळखला आहेस. आता तोच त्यांच्यापुढे मोठ्याने बोल. लँडिंगवर कोणी बोललं तर लँडिंगवरून उत्तर दे, आणि झणझणीत दे. मुलगी असण्यावर बोललं तर हसू नकोस, चिडूही नकोस. सरळ म्हण, ‘हे विमानाबद्दल नाही.’ एवढंच, तीन शब्द. समोरच्यात काही बरं असेल तर तिथल्या तिथे ओशाळतो. पुन्हा झालं तर तारखेनिशी लिहून चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरकडे दे. त्याला चुगली म्हणत नाहीत. क्रू रूममध्ये जे बिघडतं ते कॉकपिटमध्ये बिघडतं, आणि ते दुरुस्त करणं त्यांचं काम आहे.

आणि बाहेरची असण्याची भीती मनातून काढ. सरला ठकराल यांनी 1936 साली, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथ हे छोटं विमान उडवलं आणि लायसन्स मिळवलं. तुझ्या घरापासून तासाभरावर, नाशिकरोडच्याच शाळेत, मे 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या छातीवर विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, लागले. लष्कराच्या हवाई शाखेतल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. ज्या मैदानावर माझं चेतक मोकाट हिंडत होतं, तिथलीच ही बातमी वाचताना मला काय वाटलं असेल ते तुला कळेल.

प्रश्न : काका, आकाशात दोन पायलट एकमेकांशी गप्पा मारू शकतात का? काय बोलतात? मी आठवीत आहे.
— देवळाली कॅम्प

उत्तर : मारू शकतात, पण कुठेही आणि कधीही नाही.

प्रत्येक भागाची रेडिओ फ्रिक्वेन्सी ठरलेली असते. तिच्यावर एका वेळी एकानेच बोलायचं. दोघे एकदम बोलले तर ऐकणाऱ्याला नुसती किंचाळी ऐकू येते. म्हणून वाक्यं मोजकी. ‘रॉजर’ म्हणजे ‘ऐकलं’. त्याचा अर्थ ‘हो’ असा नसतो. ‘विल्को’ म्हणजे ‘कळलं आणि तसं करतो’. 121.5 ही फ्रिक्वेन्सी संकटासाठी राखीव असते, तिला ‘गार्ड’ म्हणतात. तिच्यावर कान सगळ्यांचा, पण गप्पा कुणाच्याच नाहीत. चुकून कोणी तिच्यावर भलतंच बोललं तर चहूकडून त्याला ‘गार्ड! गार्ड!’ असं ओरडून भानावर आणतात. महासागरावर, जमिनीवरचा रेडिओ पोचत नाही अशा ठिकाणी, विमानांनी आपसात बोलायला 123.45 असते. तिच्यावर पुढचं विमान मागच्याला सांगतं, ‘इथे धक्के बसताहेत, जरा वर जा.’ आणि मग एखादा विचारतोही, क्रिकेटचा स्कोअर काय झाला?

कॉकपिटच्या आतसुद्धा एक नियम आहे. 1974 साली अमेरिकेत शार्लट इथे एक प्रवासी विमान उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. उतरता उतरता दोघे वैमानिक राजकारण आणि जुन्या गाड्यांवर बोलत होते. त्यानंतर 1981 मध्ये तिथे नियमच झाला, की 10,000 फुटांच्या खाली कामाशिवाय एक शब्द नाही. आपल्याकडच्या एअरलाइन्सही तो पाळतात. माझ्याबरोबर उडणारा एक अधिकारी इतका बोलका, की त्याच्यापुढे रेडिओ नाशिक फिकं पडावं. पण हेलिकॉप्टर खाली उतरायला लागलं की तो असा गप्प व्हायचा, की मी एकदा त्याचा हेडसेट लागलाय ना ते वळून बघितलं होतं.

प्रश्न : माझे मिस्टर एअरलाइनमध्ये पायलट आहेत, वय एकेचाळीस. तीन महिन्यांपूर्वी मेडिकलमध्ये तात्पुरते अनफिट झाले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, डॉक्टरांना आशा आहे. पण घरात ते बोलत नाहीत, मित्रांचे फोन उचलत नाहीत. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, ‘आधी सगळे शिव्या देऊन बोलायचे. आता सगळे हळू आवाजात बोलतात.’ मला यातलं काही कळत नाही. मी काय करू?
— इंदिरानगर, नाशिक

उत्तर : वहिनी, त्या एका वाक्यात त्यांनी तुम्हाला सगळं सांगितलं आहे. मित्रांनी चेष्टा थांबवली, त्यातून त्यांना ऐकू आलं की आता आपण त्यांच्यातले राहिलो नाही. मित्रांनी ती भल्या मनाने थांबवली असणार, यात मला शंका नाही. पण ते चुकले.

एक जुनी गोष्ट सांगतो. 1930 सालची. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं : इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये, कुठल्याही बाजूने, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, आणि अॅस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून इकडे निघाला. इजिप्तमध्ये अबूकीरला जेआरडी उतरले तर अॅस्पी तिथेच अडकून पडलेला. स्पार्क प्लग खराब, जवळ दुसरा नाही. प्रतिस्पर्धी जागीच अडकलाय, जेआरडींना नुसतं पुढे निघून जायचं होतं. त्यांनी आपल्याजवळचा प्लग त्याला काढून दिला. पोराने बदल्यात आपलं लाइफ जॅकेट त्यांना दिलं. अॅस्पी थोडक्या तासांनी आधी पोचला आणि बक्षीस त्याचं झालं. पुढे 1960 मध्ये तोच भारताचा हवाई दल प्रमुख झाला. आमच्या लोकांत ही गोष्ट इतक्यांदा सांगतात, की प्रत्येकाला ती आपल्याच कोर्समेटची वाटते. तुमच्या मिस्टरांचेही मित्र प्लग घेऊन उभे आहेत. विमान नेमकं कुठे अडलंय, एवढंच त्यांना माहीत नाही.

तर त्यांच्या मित्रांपैकी सगळ्यांत जुना, सगळ्यांत तोंडाळ कोण, त्याला तुम्ही स्वतः फोन करा. त्यांना आधी विचारत बसू नका. त्याला ते वाक्य जसंच्या तसं सांगा. म्हणावं, सांत्वन करायला येऊ नकोस, जिथे सोडलं होतंस तिथून सुरू कर. रविवारी सकाळी मिसळ खायला घेऊन जा.

आणि हेही सांगतो, कारण ते मैत्रीवर सोडून चालत नाही. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, निराशेचं बोलणं कानावर आलं, तर डॉक्टरकडे नेणं आठवडाभरही लांबवू नका. उपचार घेतले तर लायसन्स जाईल, या भीतीने पायलट मनाचं दुखणं लपवतात. 2015 मध्ये जर्मनीच्या एका सहवैमानिकाने असंच दुखणं लपवून फ्रान्समधल्या डोंगरावर विमान आपटलं आणि त्याच्यासह 150 माणसं गेली. त्यानंतर युरोपात एअरलाइन्सना पायलटनेच पायलटचं ऐकून घ्यायची व्यवस्था ठेवणं सक्तीचं झालं. यांच्या एअरलाइनमध्ये तशी सोय आहे का, ते त्या मित्राकडूनच काढा. असेल तर तोच त्यांना तिथे घेऊन जाऊ दे.

आता माझं सांगतो. मी काही काळ सियाचीनला चीता हेलिकॉप्टर उडवत होतो. तिथे आम्ही जोडीने उडायचो, एक हेलिकॉप्टर पुढे, एक मागे, म्हणजे एक खाली बसलं तर दुसऱ्याला कळावं. अगदी वरच्या चौक्यांवर हवा इतकी विरळ, की एका फेरीत वीस-पंचवीस किलोच नेता यायचं. वीस लिटर रॉकेलचा एक जेरीकॅन, बस्स. त्या एका जेरीकॅनवर वरच्या पोरांची शेगडी पेटणार. त्यामुळे आमच्यात सगळी चेष्टा वजनावरून चालायची. माझा जोडीदार रोज सकाळी माझ्या ताटाकडे बघून म्हणायचा, ‘दुसरा पराठा घेतलास तर वरच्या पोरांचा चहा तू पितोयस.’ मी त्याच्या बुटांचं वजन काढायचो. रोज तेच आणि रोज नव्याने हसू यायचं.

पुढे पाठीच्या दुखण्याने मला चार महिने खाली बसवलं. घरी पडून होतो. भेटायला येणारे फळं आणायचे, हळू बोलायचे, जपून हसायचे. प्रत्येक जण गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून झोपायचो. एके दुपारी दार वाजलं. जोडीदार उभा, रजेवर आलेला. एका हातात बॅग, दुसऱ्या बगलेत वजनाचा काटा. तब्येत विचारली नाही, आईच्या पाया पडला, काटा फरशीवर ठेवला आणि म्हणाला, ‘ऊठ, उभा राहा ह्याच्यावर. चार महिने बसून खातोयस, परत आलास की माझा जेरीकॅन कमी करणार.’

पाठ दुखत होती. तरी उठलो आणि काट्यावर उभा राहिलो.